गरमीत हवा कमी ठेवता? मग हा भाग तुमच्यासाठी आहे

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी वाचा, आणि वाचायचा कंटाळा असेल तर ऐका. गाडी चालवताना मात्र फक्त ऐका!)

वर्ध्यातून बोलतोय, आणि तुम्हाला माहीत आहे वर्ध्यात मे महिन्यात काय परिस्थिती असते ते. पारा पंचेचाळीसच्या पुढे, दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि कार उन्हात उभी असेल तर स्टिअरिंगला हात लावायची हिंमत होत नाही.

आज आपण टायरबद्दल बोलणार आहोत. थांबा, थांबा, स्किप करू नका. मलाही आधी वाटायचं की टायरमध्ये बोलण्यासारखं काय आहे? काळं, गोल, रबराचं. इंजिनबद्दल बोला, टर्बोबद्दल बोला, एक्झॉस्टच्या आवाजाबद्दल बोला. पण गेल्या मे महिन्यात एक गोष्ट घडली, आणि तेव्हापासून मी कुठलीही गाडी दिसली की आधी तिचे टायर बघतो. तीच गोष्ट आधी सांगतो.

विरूळच्या अलीकडची थरथर

माझा एक मित्र आहे, नाव घेत नाही, तो हा भाग ऐकणारच आहे. त्याच्याकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. पठ्ठ्यानं गाडीवर भरपूर खर्च केलाय. मूळचे पंधरा इंची रिम काढून सतरा इंची अलॉय टाकले, रुंद आणि मऊ रबराचे परफॉर्मन्स टायर चढवले, आणि स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली. दिसायला एक नंबर. वळणावर अशी चिकटून जाते की शेजारी बसणाऱ्याचा चहा सांडेल पण गाडी हलणार नाही.

आम्ही चौघं छत्रपती संभाजीनगरला लग्नाला निघालो होतो. तो, मी, आमचा आणखी एक मित्र, आणि मागच्या सीटवर त्याची आई, म्हणजे आमच्या काकू. डिकी सामानानं गच्च. निघताना पेट्रोल पंपावर हवा चेक केली, तेव्हा त्यानं मुद्दाम हवा कमी करायला सांगितली. ‘गरमी आहे ना भाऊ, हवा फुगते. अठ्ठावीसच ठेव.’ पंपावरच्या पोरानं मान डोलावली. मीही डोलावली. कारण हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय, नाही का? उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो.

येळाकेळीला समृद्धीवर चढलो. रस्ता मोकळा, सरळ, काटा एकशे वीसवर. वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि स्टिअरिंगमध्ये हलकीशी थरथर सुरू झाली. मित्र म्हणाला, ‘सिमेंटचा रोड आहे, तसंच वाटते.’ पण थरथर वाढत गेली. काकू मागून म्हणाल्या, ‘अरे, गाडी अशी का करून राह्यली? उतरव बरं खाली.’

काकूंनी सांगितलं म्हणून आम्ही विरूळला खाली उतरलो. आम्हा तिघांपैकी कोणी म्हटलं असतं तर तो उतरला नसता, हे त्यानं नंतर स्वतः कबूल केलं.

खाली उतरून टायर पाहिले. बाहेरून एकदम चकाचक, नक्षी शाबूत. मग मी खाली वाकून पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूनं हात फिरवला, आणि बोटाला तार टोचली. स्टीलची तार. आतली कड पूर्ण गोटा झाली होती, रबर संपून आतली जाळी बाहेर आली होती, आणि एका जागी लिंबाएवढा फुगवटा आला होता. एकशे वीसच्या वेगानं, मागे काकू बसलेल्या असताना, आम्ही त्या टायरवर चाललो होतो.

टायरवाले काका काय म्हणाले

स्टेपनी चढवून हळूहळू, आतल्या रस्त्यानं वर्ध्याला परत आलो. लग्न हुकलं. संध्याकाळी तो टायर घेऊन गावातल्या एका जुन्या टायरवाल्या काकांकडे गेलो. तीस-पस्तीस वर्षं याच धंद्यात. त्यांनी टायर उलटापालटा केला आणि मित्राकडे बघून म्हणाले, ‘गाडी तुले सांगून राह्यली होती बाबू, तूच आयकून नोता राह्यला.’

मग विचारलं, हवा किती होती? अठ्ठावीस, म्हटल्यावर ते हसले. ‘हवा कमी ठेवल्यानं टायर थंड राह्यते, हे तुले कोनं सांगितलं? हवा नाही फोडत टायरले. गरमी फोडते. आन् गरमी कमी हवेनं वाढते.’

या दोन वाक्यांत आजचा अख्खा भाग आहे. तरी थोडं उलगडून सांगतो, कारण यामागचं विज्ञान भारी आहे.

पकड म्हणजे चार तळहात

तुमची गाडी कितीही मोठी असो, रस्त्याला टेकलेला असतो प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग. असे चार तळहात. बाराशे किलोची गाडी, आतली माणसं, सामान, ब्रेक, वळण, सगळं या चार तळहातांवर.

आता टायर रस्त्याला धरतो कसा? मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत भागांमध्ये शिरतं, तिथं अडकतं, आणि काही प्रमाणात चिकटतंही. रबर जितकं मऊ, तितकं ते जास्त शिरतं. म्हणून परफॉर्मन्स टायर मऊ असतात. पण जे रबर रस्त्यात जास्त शिरतं, ते झिजतंही जास्त. साधे टूरिंग टायर आरामात चालतात त्याच्या निम्म्या अंतरात हे मऊ टायर संपले, असं सांगणारे बरेच जण भेटतात. माझ्या मित्राचा आधीचा सेट तीस हजार किलोमीटरच्या आत गेला होता. यात टायर कंपनीनं फसवलं वगैरे काही नाही. पकड हवी तर झीज घ्यावी लागते, हा सरळ व्यवहार आहे. फॉर्म्युला वनमध्ये लाल पट्ट्याचा सॉफ्ट टायर, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड असतो ना, तो सगळा खेळ याच व्यवहाराचा.

आणि एक लक्षात घ्या, ही पकड सगळ्यांत वाटली जाते. तुम्ही वळणावर सगळी पकड वापरली तर ब्रेकसाठी काही उरत नाही. वळणात जोरात ब्रेक मारला की गाडी सरळ का निघून जाते, त्याचं उत्तर हेच.

अठ्ठावीसचं गणित

आता हवेचं बघू. वर्ध्यात मे महिन्यात पहाटे हवा साधारण तीस अंश असते असं धरा. गाडी रात्रभर उभी आहे, टायर थंड आहेत, तुम्ही ३३ पीएसआय हवा भरली. दुपारी समृद्धीवर धावताना टायरच्या आतली हवा समजा ६५ अंशांपर्यंत तापली. मग प्रेशर होईल जवळपास ३८ ते ३९. म्हणजे पाच-सहा पीएसआयची वाढ. हे बघून लोक घाबरतात, ‘अरे, हवा फुगली!’ पण हे अपेक्षितच आहे. गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा लिहिलेला असतो तो थंड टायरचा असतो, आणि पुढे तापल्यावर प्रेशर वाढणार हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं असतं.

आता चूक कुठे होते बघा. तुम्ही मध्येच पंपावर थांबता, गेज ३८ दाखवतो, आणि तुम्ही हवा सोडून ३३ करता. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर थंड झाल्यावर प्रेशर भरेल साधारण २८. आणि माझ्या मित्रानं तर तेवढीही वाट पाहिली नाही, त्यानं सुरुवातच अठ्ठावीसपासून केली. वर चार माणसं आणि सामान. भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर बहुतेक वेळा जास्त हवा लिहिलेली असते. म्हणजे हवा वाढवायची होती, आणि त्यानं घटवली.

कमी हवेनं काय होतं? टायर रस्त्याला टेकतो तिथं दबतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो. एकशे वीसच्या वेगाला हे प्रत्येक सेकंदाला सोळा-सतरा वेळा होतं. हवा कमी असेल तर प्रत्येक वेळी साइडवॉल जास्त वाकते. एखादी तार वाकवून-वाकवून तोडताना ती गरम लागते ना, तसंच. रबर आतून तापत जातं, थर एकमेकांपासून सुटायला लागतात, फुगवटा येतो. आणि मग एक दिवस धडाम.

मग रेसवाले हवा कमी का ठेवतात?

हा प्रश्न मित्रानं काकांना विचारला होता, आणि तो बरोबरच होता. रील्समध्ये आपण बघतो, ट्रॅकवर जाणारे लोक हवा कमी करतात. खरं आहे. पण ते थंड टायरमध्ये हवा कमी ठेवतात, कारण दोन-तीन लॅपमध्ये टायर तापून प्रेशर त्यांना हव्या त्या आकड्यावर येणार हे त्यांना माहीत असतं. मग ते परत पिटमध्ये येऊन मोजतात. वीस मिनिटांत खेळ संपतो, आणि गाडीत एकच माणूस असतो. आपण तीच गोष्ट चार माणसं आणि लग्नाचं सामान घेऊन, तासन्‌तास एकाच वेगानं, तापलेल्या सिमेंटवर करतो.

आणि रेसवाले टायरच्या बाबतीत किती घाबरून असतात याचा एक किस्सा ऐका. २००५ सालची अमेरिकेतली फॉर्म्युला वन रेस, इंडियानापोलिस. तिथल्या शेवटच्या तिरक्या, उताराच्या वळणावर सरावातच मिशेलिनच्या टायरला अडचण आली, राल्फ शूमाखरची गाडी भिंतीवर आदळली. मिशेलिननं आपल्या टीम्सना सांगितलं, त्या वळणावर पूर्ण वेगानं आमचे टायर सुरक्षित राहतील याची खात्री देता येत नाही. रेसच्या दिवशी २० गाड्या निघाल्या, एक फेरी मारली, आणि त्यातल्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये परत गेल्या. रेस झाली फक्त सहा गाड्यांची! प्रेक्षकांनी शिट्या घातल्या, कंपनीला पुढे तिकिटांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवावी लागली.

विचार करा, जगातले सगळ्यांत निष्णात ड्रायव्हर, करोडोंची गाडी, लाखभर लोक बघतायत, आणि ते म्हणाले, टायरची खात्री नाही तर आम्ही निघत नाही. आणि आपण? ‘लग्नाला उशीर होते भाऊ, चल.’

आपला रस्ता, आपला वेग

समृद्धी आपल्या जिल्ह्यात सेलू, वर्धा, आर्वी या तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता झाला. रस्त्याची आखणी ताशी १५० च्या वेगासाठी, आणि कारला परवानगी १२० ची.

आता ही सवय आपल्याला नव्हती. आधी आपल्या गाड्या काय चालायच्या? ऐंशी-नव्वद, मध्येच गाव, गतिरोधक, बैलगाडी, चहा. टायरला आपोआप विश्रांती मिळायची. समृद्धीवर विश्रांती नाही. टायरमधली कमजोरी जुन्या रस्त्यावर दोन-दोन वर्षं लपून राहायची, ती इथं तासाभरात बाहेर येते. म्हणूनच २०२३ मध्ये आरटीओनं समृद्धीच्या एंट्रीवर टायर तपासायला सुरुवात केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्यांना परत पाठवायला लागले. तेव्हा बऱ्याच लोकांची चिडचिड झाली. माझीही झाली असती. आज मला वाटतं, त्या दिवशी येळाकेळीला कोणी आमच्या टायरच्या आत हात घातला असता तर बरं झालं असतं.

वेगाचं एक साधं गणित सांगतो. ऐंशीवरून एकशे वीसवर गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबायला लागणारं अंतर सव्वादोनपट. चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर, ऐंशीच्या वेगाला ब्रेक दाबल्यापासून साधारण ३५-३६ मीटर. एकशे वीसला ऐंशी मीटर. आणि ब्रेक दाबायचा विचार करण्यात जो एक सेकंद गेला त्यात गाडी आणखी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

‘टायर फुटला’ म्हणून विषय संपत नाही

आता एक जड गोष्ट. १ जुलै २०२३ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर उलटली, पेटली, आणि २५ जण गेले. त्यात आपल्या वर्ध्याचे लोक होते. पहिल्या काही तासांत सगळीकडे एकच बातमी होती, टायर फुटला. नंतर आरटीओच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही.

मी हे का सांगतोय? कारण ‘टायर फुटला’ हे आपलं सगळ्यांत सोपं उत्तर झालंय. जणू वीज पडली, नशीब होतं, कोणाचा काही दोष नाही. कधी टायर फुटलेलाच नसतो आणि आपण त्याच्यावर ढकलतो. आणि जेव्हा खरंच फुटतो, तेव्हाही तो त्या क्षणी फुटलेला नसतो. आमचा टायर स्प्रिंग बदलल्या आणि अलाइनमेंट केली नाही त्या दिवसापासून फुटत होता. गाडी खाली बसवल्यावर चाकं वरच्या बाजूनं आत झुकली, सगळं वजन आतल्या कडेवर आलं, आणि ती कड कोणाला दिसत नाही. त्यात हवा कमी केली. म्हणजे आम्ही दोन चुका केल्या, आणि बदनाम होणार होता टायर.

टायर वाचायला शिका

काकांनी आम्हाला टायर वाचायला शिकवलं. फार सोपं आहे.

नक्षी मधोमध जास्त घासली असेल तर हवा सतत जास्त राहिली आहे. दोन्ही कडा घासल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी राहिली आहे. एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे. आणि हात फिरवताना एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागलं, तरी अलाइनमेंट दाखवा.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते झिजेचे खुणेचे दगड समजा. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पण पावसाळ्यासाठी तेवढी वाट पाहू नका. खाचांचं काम पाणी बाहेर फेकणं आहे. नासाच्या अभ्यासकांनी विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून एक साधा हिशेब निघाला. साचलेल्या पाण्यात गुळगुळीत टायर कोणत्या वेगाला रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, ते हवेच्या प्रेशरवर ठरतं. ३३ पीएसआयला साधारण ताशी ९५ किलोमीटर. २६ पीएसआयला ८५. म्हणजे हवा कमी केली की इथंही नुकसानच. जूनमधल्या पहिल्या पावसात हे आठवा.

टायरच्या बाजूला एक चार आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, बदला. साइजच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. मोठे अलॉय टाकताना हा वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी होऊ देऊ नका. दिसायला रुंद टायर म्हणजे जास्त ताकदवान, असं काही नाही.

आणि दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा. सगळे पुढे लावतात, कारण स्टिअरिंग पुढे असतं. पण पुढची पकड सुटली तर पाय हळू करून गाडी सावरता येते. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी गर्रकन फिरते, आणि तेव्हा आपल्यापैकी कितीजणांना ती सावरता येईल, सांगा बरं?

आणि फुटलाच तर

दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ घट्ट धरा. ब्रेकवर उभे राहू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचला, वेग आपोआप पडू द्या, मग डावीकडे घ्या. धोक्याचे दिवे लावा. सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. उजव्या बाजूचा टायर असेल तर तिथं बसून स्टेपनी बदलायचं शौर्य दाखवू नका. ११२ ला फोन करा, मदत येऊ द्या.

शेवटी

माझ्या मित्रानं काय केलं? मूळचे स्प्रिंग परत बसवले. अलॉय आणि परफॉर्मन्स टायर ठेवले, कारण गाडीवर प्रेम आहे, आणि त्यात काही चूक नाही. दर पंधरा दिवसांनी पहाटे, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजनं हवा मोजतो. दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट दाखवतो. आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी चारही टायरच्या आतून हात फिरवतो. कपडे मळतात, पण काकूंनी त्याला एक जुना टॉवेल देऊन ठेवलाय डिकीत.

तर मंडळी, हा भाग ऐकून झाला की एकच काम करा. खाली जा, तुमच्या किंवा बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली बाजू दिसेल. मोबाईलचा टॉर्च लावा आणि बघा. जमलं तर फोटो काढून आम्हाला पाठवा, आणि ज्या मित्राच्या गाडीत तुम्ही नेहमी बसता त्यालाही हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात. हवा थंड टायरमध्येच मोजा, आणि काकूंचं ऐका. काळजी घ्या!